वर म्हणून दिसणारी व्यक्ती

तैवानच्या मैदानी पट्ट्यातल्या शीवेई गावी, नोंदणी कचेरीच्या तीन नंबरच्या खिडकीवर, सत्तर वर्षांच्या युएताओबाईंना यंदाच्या ऑगस्टमध्ये असे कळवण्यात आले की त्यांच्या लग्नाला पन्नास नव्हे, अठ्ठेचाळीस वर्षे झाली आहेत.

बाई आल्या होत्या सुवर्ण-दांपत्य गौरवासाठी नाव द्यायला. दर शरदात गावच्या सभागृहात पन्नास वर्षांचा संसार पुरा केलेल्या जोडप्यांचा सत्कार होतो. प्रमाणपत्र मिळते, एक रजई मिळते, आणि प्रत्येक जोडप्याच्या लग्नातला एक फोटो मोठा करून भिंतीवर लावतात. बाईंनी आदल्या दिवशीच केस कुरळे करून घेतले होते, आणि वाटेत भेटलेल्या चौघींना आपण कुठे निघालो आहोत हे त्यांनी न विचारता सांगितले होते.

खिडकीतल्या फांगबाई तिशीच्या होत्या. त्यांच्या आवाजात इतकी माया होती की आपल्याला नकार मिळाला आहे हे माणसाला घरी पोचल्यावर कळायचे.

"मावशी, दोनच वर्षं थांबा की. तोवर तब्येतीला जपा," त्या म्हणाल्या.

"अगं, पण त्या लग्नाला मी स्वतः हजर होते."

"तेच तर कागदावर यायला हवं ना."

मग फांगबाईंनी संगणकाचा पडदा फिरवून दाखवला. विवाहाची तारीख: साल पासष्ट, मार्च सतरा. जगाच्या पाठीवर इतरत्र त्या सालाला एकोणीसशे शहात्तर म्हणत. त्याच ओळीच्या खाली, त्याच दिवशी, कन्या सूमेई हिच्या जन्माची नोंद होती. लग्नाच्या दिवशी कन्येचे वय चौदा महिने होते.

"अशी खूप प्रकरणं येतात, मावशी," फांगबाई हळूच म्हणाल्या. "आम्ही कुणाला नावं ठेवत नाही."

युएताओबाई मटकन खाली बसल्या. त्याला कारण होते. गेली पन्नास वर्षे त्यांच्या गल्लीत कुठलीही सून आली की तिचे महिने बोटांवर मोजण्याचे काम बाईंनी बिनपगारी केले होते. आठव्या महिन्यात बाळंत झालेल्या तिघी त्यांना अजून नावानिशी आठवत होत्या, आणि त्या तिघींनाही बाई आठवत होत्या.

घोटाळा सासऱ्यांचा होता. त्या काळी लग्न लागायचे ते मांडवात. चारचौघांदेखत जेवणावळ झाली, दोन साक्षीदार असले की कायद्याने नवराबायको. कचेरीत नोंद करायची ती सवड होईल तेव्हा, आणि लसूण पिकवणाऱ्या माणसाला सवड म्हणजे काय हे लसूण पिकवणाऱ्यालाच ठाऊक. सासरे दोन वर्षांनी कचेरीत गेले आणि मुलाचे लग्न व नातीचा जन्म अशी दोन कामे एका फेरीत उरकून आले. विवाहाच्या तारखेच्या रकान्यात त्यांनी त्या दिवशीची तारीख लिहिली. सरकारी कागदावर तारीख म्हणजे आजचीच, याबद्दल त्यांची खात्री होती. तो कागद त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षे कुणी वाचला नाही.

घरी येऊन बाईंनी हे नवऱ्याला सांगितले. श्वेइमू हा शांत माणूस. वादळात गोठ्याचे छप्पर उडाले तेव्हा तो "असू दे, हवा येईल" म्हणाला होता. आताही तो असू दे म्हणाला. शहरात राहणारी सूमेई फोनवर हसत सुटली आणि म्हणाली, "आई, मी एकोणपन्नास वर्षांची आहे. आता मला काय फरक पडतो?"

"मला पडतो," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आले. तेव्हा सूमेईचे हसणे थांबले.

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, असे म्हणतात. लग्न पाहावे सिद्ध करून, हे कुणी म्हणून ठेवलेले नाही. तारीख दुरुस्त करता येत होती. त्यासाठी समारंभाची अशी छायाचित्रे हवी होती की ज्यांत एक, जाहीर जेवणावळ दिसते. दोन, वधू आणि वर एकत्र दिसतात. तीन, निदान दोन हयात साक्षीदार दिसतात व ते कचेरीत येऊन स्वतःला ओळखतात.

छायाचित्रे होती. एकूण बहात्तर होती. आणि खरे संकट तेच होते.

ती काढली होती चान वनपिन याने. तो श्वेइमूचा शाळेतला मित्र. लग्नाच्या आदल्या वर्षी तो राजधानीत सहा महिने राहून एक कॅमेरा आणि एक तत्त्व घेऊन परत आला होता. गावात तोवर लग्नाचा फोटो म्हणजे नवरानवरीने पडद्यापुढे बसून, श्वास रोखून, समोर बघणे. चान म्हणाला, हे सगळे खोटे. सांगून बसवलेला माणूस म्हणजे खुर्चीच. मी फोटो काढत नाही, मी इतिहास जपतो. श्वेइमू असू दे म्हणाला.

चानने छत्तीसचे दोन रोल घेऊन दिवसभर इतिहास जपला. त्यात वाफाळती पातेली होती, दारापुढचे एकशे दहा जोडे होते, दात कोरणारे मामा होते, टेबलाखाली झोपलेले काका होते. चेहरा खोटे बोलतो, पाठ बोलत नाही, असे त्याचे एक उपतत्त्व होते. त्यामुळे टेबलाटेबलावर प्याला उंचावत फिरणारा नवरदेव सातही फोटोंत पाठमोरा होता. थेट समोरून, डोळ्यांत डोळे घालून काढलेला फोटो एकच होता, तो बदकाचा. "माझ्या लग्नात बदक माझ्यापेक्षा छान आलंय," हे वाक्य युएताओबाईंनी चानला पन्नास वर्षांत जेव्हा जेव्हा तो दिसला तेव्हा ऐकवले होते.

फांगबाईंनी बहात्तर फोटोंचा तक्ता केला. काम त्यांनी मन लावून केले, याबद्दल कुणी शंका घेऊ नये. वधू एकोणीस फोटोंत आढळली. वर असल्याचे अर्जदार सांगतात ती पाठ सात फोटोंत आढळली. दोघे एकत्र: शून्य. तक्त्यात पुढचा रकाना होता, 'वर म्हणून दिसणारी व्यक्ती', म्हणजे वधूच्या शेजारी सर्वाधिक वेळा दिसणारा पुरुष. तो अकरा फोटोंत होता, हसतमुख होता, छातीवर लाल फूल लावून होता, आणि चार फोटोंत वधूला स्वतःच्या हाताने भरवत होता.

"तो आचारी आहे," बाई म्हणाल्या.

"व्यवसाय आम्ही विचारत नाही, मावशी."

झाले होते ते असे. नवरीने पाहुण्यांसमोर खायचे नाही आणि तीनदा कपडे बदलायचे, ही रीत. पहाटेपासून उपाशी असलेली वीस वर्षांची युएताओ दर वेळी कपडे बदलायला म्हणून उठायची आणि मांडवामागच्या चुलाणापाशी जाऊन जेवायची. आथू आचारी दयाळू होता. फूल म्हणाल तर मामांनी त्या दिवशी दिसेल त्याला लावले होते, पाणीवाल्यालाही. पण तक्त्याला मामा माहीत नव्हते. अर्ज पुढे गेल्यास विवाह सिद्ध होईल, पण आथूशी होईल, आणि तसे झाल्यास श्वेइमू हे गेली पन्नास वर्षे त्या घरात कोणत्या नात्याने राहत आहेत याचा खुलासा स्वतंत्र नमुन्यात द्यावा लागेल, असे फांगबाईंनी अत्यंत हळुवारपणे समजावले.

ब्याऐंशी वर्षांचा आथू काठी टेकत कचेरीत आला. फोटोतला माणूस आपणच आहोत, हे त्याने सांगितले. आपण वर आहात काय, असे विचारल्यावर त्याने काठी खिडकीला टेकवून ठेवली.

"पोरी, मी तीन हजार लग्नांत नवरीशेजारी उभा राहिलोय. तुझ्या हिशेबानं माझ्या बायकांसाठी सरकारनं वेगळं गाव वसवायला हवं."

त्याची नोंद साक्षीदार क्रमांक एक म्हणून झाली. वर म्हणून त्याचे नाव मात्र लगेच कमी करता येईना, कारण रकाना रिकामा ठेवण्याची सोय यंत्रात नव्हती. त्यासाठी खरा वर सिद्ध व्हायला हवा होता, आणि खऱ्या वराची मान तेवढी उपलब्ध होती. तेव्हा श्वेइमूने आपल्या मानेचा ताजा फोटो तुलनेसाठी द्यावा असे ठरले. तो बाजारातल्या फोटोवाल्याकडे गेला आणि पाठ करून बसला. फोटोवाला सवयीने म्हणाला, काका, जरा हसा. श्वेइमू हसला. मान जुळली. डाव्या कानामागचा तीळ पन्नास वर्षांत जागचा हलला नव्हता.

वर अशा रीतीने समारंभाला हजर होता हे सिद्ध झाले. वधूशी त्याचा काही संबंध होता हे सिद्ध व्हायचे होते. युएताओबाई चानकडे गेल्या आणि त्याला दंडाला धरून कचेरीत घेऊन आल्या. सगळे फोटो मीच काढले, मी दिवसभर तिथे होतो, यांचे लग्न माझ्या डोळ्यांदेखत लागले, असे त्याने ठासून सांगितले. फांगबाईंनी बहात्तर फोटो पुन्हा एकदा तपासले आणि खेदाने सांगितले की काका एकाही फोटोत नाहीत. जी व्यक्ती छायाचित्रात नाही ती समारंभाला उपस्थित होती असे मानता येत नाही.

चान आधी संतापला. मग त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान पसरले. "म्हणजे मी इतका तटस्थ होतो की नव्हतोच," तो म्हणाला. बाईंनी त्याला तिथेच दोन गोष्टी सुनावल्या, त्यांपैकी एक बदकाबद्दल होती.

दुसऱ्या दिवशी चान एक पाकीट घेऊन त्यांच्या घरी आला आणि मान खाली घालून बसला. छत्तीसच्या रोलवर कधीकधी सदतिसावा फोटो निघतो. त्या दिवशी तो निघाला होता, आणि नव्या नवरीने त्याची बकोटी धरून, आता मुकाट्याने आम्हा दोघांचा नीट काढ, असे बजावले होते. त्याने दोघांना पडद्यापुढे बसवून तो काढला. नंतर शरमेने कुणाला दाखवला नाही, आणि फोटो बहात्तर नव्हे, त्र्याहत्तर निघाले होते हे कबूल केले नाही. पन्नास वर्षे तो फोटो त्याच्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली होता.

फोटो सुरेख होता. दोघे ताठ बसून समोर बघत होते. बाईंनी तो छातीशी धरला आणि चानला दुपारी जेवायला ठेवून घेतले.

फांगबाईंनी तो नाकारला. मागे नुसता पडदा होता, जेवणावळ नव्हती. शिवाय दोघे सांगून बसवल्यासारखे दिसत होते. "असं कुणीही कुणाशेजारी बसू शकतं, मावशी. हे नैसर्गिक नाही. कचेरीचा कल नैसर्गिक फोटोंकडे आहे." चानला हे ऐकून काय वाटले ते कळले नाही, कारण आपले तत्त्व सरकारने स्वीकारल्याचा आनंद मानावा की आयुष्यातला एकमेव अपराध वाया गेल्याचे दुःख, हे त्याचे ठरेना.

आता दुसरा साक्षीदार शोधायचा उरला. त्या फोटोंतले लोक बहुतेक स्मशानात पोचले होते. हयात आणि चेहऱ्याने ओळखू येणारा असा एकच माणूस निघाला, फोटो क्रमांक एकेचाळीसमध्ये. तो म्हणजे यान चिनफा, वय त्र्याहत्तर, आदर्श ज्येष्ठ नागरिक समितीचे अध्यक्ष. सुवर्ण-दांपत्यांना प्रमाणपत्रे तेच वाटत. धूरमुक्त गाव मोहिमेचेही तेच अध्यक्ष, आणि 'सचोटी हाच श्वास' असे लिहिलेले त्यांचे हसरे भित्तिपत्रक फांगबाईंच्या खिडकीशेजारीच लावलेले होते.

त्या काळी जेवणावळीत प्रत्येक टेबलावर पाहुण्यांसाठी बशीत सिगारेटी ठेवत, टेबलाला एक बशी. फोटो एकेचाळीसमध्ये तेवीस वर्षांचे यान चिनफा शेजारच्या टेबलाची बशी आपल्या कोटाच्या खिशात रिकामी करीत होते, आणि नजर मात्र आकाशाकडे, पावसाचा अंदाज घेत असावी तशी लावून होते. दुसरा खिसा आधीच भरलेला दिसत होता.

फांगबाई भिंग लावून त्या फोटोचे वर्णन लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्या थांबल्या आणि त्यांनी भिंग युएताओबाईंच्या हातात दिले. यान यांचा कोपर आणि कोट यांच्या मधल्या फटीतून मागचे मुख्य टेबल दिसत होते. तिथे ती मान होती, तीळही होता. आणि त्या मानेकडे तोंड करून नवरी हसत होती. खोखो हसत होती, तोंडावर हात न घेता.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. हा माणूस लग्नाच्या दिवशी माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, असे त्या पन्नास वर्षे सगळ्यांना सांगत आल्या होत्या.

"काय म्हणाला होतात हो तुम्ही?" त्यांनी सोबत आलेल्या नवऱ्याला विचारले.

श्वेइमूने भिंगातून पाहिले. "जेवलीस का, विचारलं असेन. दुसरं काय विचारणार?"

"आणि मी?"

"चार वाट्या, म्हणालीस."

बाईंना ते खरे वाटले, कारण चार वाट्याच झाल्या होत्या. इतका आनंद त्यांना कुरळ्या केसांनीही दिला नव्हता. आपण त्या दिवशी हसलो होतो, आणि याच्यामुळे हसलो होतो, हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळले. चान कोपऱ्यात उभा होता. त्याच्याकडे बघून त्या पहिल्यांदाच बदकाबद्दल काही बोलल्या नाहीत.

वधू, वर, मांडव आणि साक्षीदार एका चौकटीत आले होते. आता यानसाहेबांनी खाली सही केली की संपले. फांगबाईंचे वर्णन नेमके होते: 'सदर व्यक्ती टेबलावरील बशीतील सिगारेटी स्वतःच्या खिशात घालीत असून अन्यत्र पाहत आहे.' त्याखाली छापील वाक्य: 'सदर व्यक्ती मीच आहे.'

युएताओबाई फोटो घेऊन यानसाहेबांच्या घरी गेल्या. चहा आला. यानसाहेबांनी चष्मा पुसला, फोटो दूर धरला, जवळ धरला आणि हा मी नव्हे असे सांगितले. त्या वयात सगळे सारखेच दिसतात, ते म्हणाले. चहात गरम पाणी घालायला आलेल्या त्यांच्या बायकोने खांद्यावरून डोकावून पाहिले.

"तुम्हीच की. हा कोट माझ्या बापानं दिला होता. खिसे सैल झाले म्हणून मीच उसवून शिवले."

यानसाहेबांनी बायकोला गरम पाणी संपल्याचे सांगितले. मग त्यांनी युएताओबाईंना समजावले की समाजात एक आदर्श असावा लागतो, तरुण पिढी बघत असते, आणि दोन वर्षे म्हणजे काय, अशी निघून जातील. बाईंनी सगळे ऐकून घेतले. बोटांवर महिने मोजण्यात ज्यांची हयात गेली त्यांना कुणाचे काय कुठे दुखते हे बरोबर कळते.

"तुमचं बरोबर आहे, अध्यक्षसाहेब," त्या म्हणाल्या. "सहीची जबरदस्ती नाही. पण माझ्या मुलीच्या नावापुढं ती तारीख तशीच राहिली तर मला दोन वर्षं झोप यायची नाही, म्हणून आले. आणि समजा तुम्ही यंदा सवलत दिलीत, तरी प्रदर्शनाला फोटो द्यायचा तर कचेरीला चालेल असा आमच्या दोघांचा एकत्र हाच आहे. हाच मोठा करून देईन म्हणते. सभागृहाच्या भिंतीवर पाच फूट मावेल ना?"

यानसाहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. ते आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी कचेरीत फोन केला.

दुसऱ्या दिवशी फोटो एकेचाळीसचे वर्णन सुधारून आले. 'सदर व्यक्ती पाहुण्यांच्या आरोग्याच्या काळजीपोटी टेबलावरील सिगारेटी तातडीने हटवीत असून शुद्ध हवेकडे पाहत आहे.' यानसाहेबांनी त्याखाली ठसठशीत सही केली आणि एक प्रत स्वतःसाठी मागून घेतली. न सांगता काढलेला फोटो खोटे बोलत नाही, हे चानचे म्हणणे खरेच होते. ते काम खालच्या ओळीकडे असते.

तारीख दुरुस्त झाली. कन्या सूमेई लग्नानंतर रीतसर अकराव्या महिन्यात जन्मली, आणि बाईंनी तो दाखला घडी न घालता हातात धरून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालत नेला. सत्काराच्या दिवशी रजई मिळाली. भिंतीवर पाच फुटी फोटो लागला, आणि त्यापुढे सगळ्यांत जास्त वेळ यानसाहेबच उभे होते. तंबाखूविरोधी चळवळीचे पन्नास वर्षांपूर्वीचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांनाही त्याच व्यासपीठावर शाल मिळाली. फटीतून हसणारी नवरी कुणाला दिसली नाही. श्वेइमूने खुर्ची ओढली आणि तिच्यापुढे बसून राहिला.

चान वनपिन आता गावोगावच्या लग्नांना पुन्हा जाऊ लागला आहे. त्याला मागणी फार आहे. नवरानवरीकडे तो अजूनही बघत नाही. हे वाचून तुम्ही आपल्या लग्नाचा अल्बम काढून बघाल, आणि त्यात तुम्ही छानच दिसाल, कारण फोटो निघतो आहे हे तुम्हाला माहीत होते. तुमचा इतिहास त्यात नाही. तो दुसऱ्यांच्या अल्बमांत आहे, कुणाच्या तरी नवरीच्या मागे, तिसऱ्या टेबलावर, आणि तिथे तुम्ही काय करीत आहात हे त्या घरच्यांना रोज दिसते. आजवर किती लग्नांना जेवून आलात, तेवढे जरा आठवून ठेवा.